थंड प्रदेशातून उष्ण वाळवंटी भागात कायमचं स्थलांतर: काय न्यावं, काय बदलावं, कधी जावं?

गारठलेला

हिवाळ्यात उणे २० ते उणे २५ अंशांपर्यंत उतरणाऱ्या भागातून उष्ण वाळवंटी भागात कुटुंबासह कायमचं राहायला जायचं आहे. तिथे उन्हाळ्याचे तीन-साडेतीन महिने दुपारी ४२ ते ४६ अंश आणि हवेत आर्द्रता १०-१५ टक्के. 'पाणी भरपूर प्या, भर दुपारी बाहेर पडू नका' इतपत कळतं. त्यापुढचं हवंय.

१. वर्षातल्या कोणत्या काळात जावं?
२. शरीर सरावायला किती दिवस लागतात? सोबत सत्तरी ओलांडलेली एक व्यक्ती आहे. रक्तदाबाच्या गोळ्या (त्यातली एक लघवी वाढवणारी) आणि इन्सुलिन चालू आहे.
३. गाडी चालवतच न्यायची आहे. हिवाळी टायर, इंजिन तापवायचा हीटर, थंडीसाठी घातलेलं कूलंट यांचं काय करायचं?
४. भरीव ओकचं जेवणाचं टेबल आणि एक गिटार आहे. न्यावं का?
५. घर बघताना काय तपासावं? कूलर पुरतो की एसीच लागतो?
६. दाट केसांचा कुत्रा आहे. उन्हाळ्यापुरते त्याचे केस काढावेत का?

---

घामाघूम

फक्त दुसऱ्या प्रश्नाबद्दल, पण जरा सविस्तर.

उष्णतेला शरीर सरावायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो आणि हृदयाचे ठोके थोडे ताळ्यावर येतात. मग घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातून जाणारं मीठ कमी होतं. यात एक गोम आहे. दिवसभर एसीत बसलात तर यातलं काहीही घडत नाही. रोज दीड-दोन तास उष्णतेत हालचाल हवी, तीही सकाळी किंवा ऊन कलल्यावर. उन्हात काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था जे प्रमाण सांगते ते घरच्यांनाही लागू पडतं: पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्के, नंतर रोज २० टक्क्यांनी वाढ. आठवडाभर थंड ठिकाणी जाऊन आलात की कमावलेला सराव ओसरू लागतो, हेही लक्षात असू द्या.

कोरड्या हवेत घाम दिसत नाही. अंगावर येताक्षणी उडून जातो, कपडे कोरडेच राहतात आणि माणसाला वाटतं की आपल्याला घामच येत नाही. उन्हात कष्टाचं काम करताना तासाला लिटर-दीड लिटर पाणी असं नकळत जातं. तहानेवर विसंबू नका, वृद्धांमध्ये तर मुळीच नको, कारण वयानुसार तहान बोथट होते. कामात असाल तर दर १५-२० मिनिटांनी एक पेला, साधारण २०० ते २५० मिली. पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्याचीही सुरुवात डोकेदुखी-मळमळीनेच होते. मग लोक 'ऊन लागलं' समजून आणखी पाणी पाजतात. खूप घाम गेला असेल तर जलसंजीवनी: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा ५ मिलीचा. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी हे परस्पर सुरू करू नये.

आता गोळ्या. लघवी वाढवणारी गोळी आणि कोरडी उष्णता एकाच दिशेने ओढतात. एसीई किंवा एआरबी गटातली (हेही रक्तदाबाच्या औषधांचेच गट) दुसरी गोळी असेल तर पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण येतो आणि उभं राहताना चक्कर येते. बीटा ब्लॉकर, ॲलर्जीवरची काही जुनी औषधं, लिथियम यांचीही नोंद डॉक्टरांना द्या. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या की वरचा रक्तदाब किती खाली गेला, किंवा वजन किती घटलं, की कोणती गोळी थांबवायची आणि कुणाला कळवायचं. पहिला महिना रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन करा. एका दिवसात किलोभर घट म्हणजे जवळपास लिटरभर पाणी कमी, चरबी नव्हे.

इन्सुलिनची न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालतं, नेमके दिवस वेष्टनावर असतात. प्रवासात बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. पाण्यात भिजवून वापरायच्या जेलच्या पिशव्या कोरड्या हवेत उत्तम चालतात, दमट हवेत मात्र नाही. तापलेल्या त्वचेतून इन्सुलिन लवकर शोषलं जातं, त्यामुळे पहिले दोन आठवडे साखर जास्त वेळा तपासा. दम्याचा पंप असेल तर तो गाडीत सोडू नका.

उष्माघात ओळखायचा तो वागण्यावरून. बोलणं असंबद्ध, चाल अडखळती, अंग भट्टीसारखं. घाम असो वा नसो. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत गार करत राहा: कपडे काढा, थंड पाण्याच्या टबात बसवा. टब नसेल तर अंगभर पाणी ओतून जोरात वारा घाला आणि मान, काखा, जांघेत बर्फ ठेवा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

पंख्याबद्दलही सांगून ठेवतो. हवा ४० अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावरचा पंखा थंडावा देत नाही, उलट शरीर तापवतो. अंग किंवा कपडे ओले ठेवले तरच त्याचा फायदा.

---

पाना-पकड

गाडीचं सांगतो. थंडी बॅटरीचा दुबळेपणा उघड करते, पण तिला मारते ती उष्णता. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मं होतं. थंडीत इंजिन फिरवायला जास्त जोर देणाऱ्या बॅटरीत पातळ प्लेट जास्त असतात, त्या उष्णतेत लवकर गळतात. तेव्हा तुमची बॅटरी तीन वर्षांची असेल तर तिथे पोहोचल्यावर पहिला उन्हाळा लागायच्या आधी बदला. पाणी घालायची असेल तर दर महिन्याला पातळी पाहा, फक्त डिस्टिल्ड पाणी.

कूलंट: कडाक्याच्या थंडीसाठी ६० टक्के ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारा द्रव), ४० टक्के पाणी घातलेलं असू शकतं. ते ५०:५० वर आणा. ५०:५० मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही आणि उघड्यावर सुमारे १०६ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणाचा १५ पीएसआय (दाबाचं एकक) दाब मिळाला की हाच आकडा १२९ च्या आसपास जातो. म्हणून झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर नवं झाकण घ्या, गाडीतला हा सगळ्यात स्वस्त विमा. ग्लायकॉल वाढवलं की उष्णता वाहून न्यायची ताकद कमी होते, त्यामुळे 'जास्त घातलं तर जास्त चांगलं' हे इथे उलटं पडतं. नुसतं पाणीही नको, गंज आणि क्षार बसतात. मिश्रण रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून प्रमाण दाखवणारं छोटं उपकरण) तपासून घ्या, रंगावरून काहीच कळत नाही.

गाडीच्या पुढच्या जाळीसमोर थंडीसाठी लावलेलं पुठ्ठ्याचं किंवा रेक्झिनचं आवरण काढा. हसू नका, लोक विसरतात. इंजिन हीटर आहे तिथेच राहू द्या, वायर नीट बांधून ठेवा, काही बिघडत नाही. काढायला गेलात तर मात्र गळती सुरू व्हायची शक्यता.

हिवाळी टायरचं रबर ७ अंशांखाली मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. तापलेल्या डांबरावर ते खोडरबरासारखं झिजतं आणि ब्रेक लावल्यावर अंतर वाढतं. वाटेत दिवसाचं तापमान सलग ७ च्या वर राहू लागलं की बदला. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी वाळवंटात वापरू नका, स्टेपनीसुद्धा.

हवेचं गणित कागदावर करून बघा. उणे १० अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर ४० अंशांत, गाडी जागची हलली नसतानाही, ४२ च्या आसपास जातो. ढोबळ हिशेब दर साडेपाच अंशांना १ पीएसआय. म्हणून प्रवासात रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी दाब तपासून दाराच्या चौकटीवरच्या आकड्याला आणा. धावून तापलेल्या टायरमधली हवा कधीही सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टायर कमी हवेचा असतो, आणि कमी हवा अधिक वेग अधिक ऊन म्हणजे टायर फुटलाच.

इंजिनचं तेल: डब्यावरच्या ०डब्ल्यू-२० मधला पहिला आकडा थंडीतल्या सुरुवातीचा, उष्णतेचा संबंध दुसऱ्याशी. पुस्तिकेत त्या तापमानाला तेच तेल दिलं असेल तर उगाच बदलू नका. निघण्याआधी गाडीची खालची बाजू दाबाच्या पाण्याने धुऊन रस्त्यावरचं मीठ घालवा. एसीची तपासणी निघण्यापूर्वीच करा. कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) पात्यांत अडकलेली माती काढली तर बऱ्याचदा गॅस भरायची गरजच पडत नाही. आर-१३४ए आणि आर-१२३४वायएफ हे गॅस एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

चढावर तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद, आतला हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या. त्रास होतो पण इंजिन वाचतं. गाडी बंद पडली तर सोडून चालत निघू नका. बॉनेट वर करा आणि गाडीच्या सावलीत बसा, आत नव्हे. माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी वेगळं ठेवलेलं असावं, रेडिएटरचं निराळं.

उभ्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांत तापमान सुमारे १० अंशांनी चढतं. काच बोटभर उघडी ठेवून फरक पडत नाही. मूल, म्हातारं माणूस, कुत्रा, लायटर, फवाऱ्याचे डबे यातलं काहीही आत सोडायचं नाही.

---

कवडसा

घराबद्दल. थंड प्रदेशातला माणूस घर बघताना ऊन शोधतो आणि वाळवंटात तीच सवय महागात पडते. तिथे शोधायची ती सावली.

सगळ्यात वाईट पश्चिमेची मोठी खिडकी. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातला सूर्य दुपारी डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन-अडीच फुटांचा छज्जा असला की बहुतेक काम होतं. संध्याकाळचा सूर्य मात्र आडवा येतो, छज्ज्याखालून थेट आत. त्याला बाहेरूनच अडवावं लागतं: उभी झडपं, बांबूचा किंवा जाळीचा पडदा, झाड. आतला जाड पडदा काचेतून शिरलेली उष्णता आतच कोंडतो. बाहेरच्या छपरीने पश्चिमेच्या खिडकीतून येणारी सूर्याची उष्णता ७७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, असं अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं मार्गदर्शन सांगतं. काच दुहेरी आहे एवढ्यावर खूश होऊ नका. थंडीसाठीची दुहेरी काच सूर्याची उष्णता मुद्दाम आत घेते. एसएचजीसी हा आकडा (सूर्याच्या उष्णतेतला किती भाग काच आत सोडते) विचारा: वाळवंटात ०.२५ किंवा कमी हवा.

छप्पर गडद असेल तर उन्हाळ्यात त्याचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत तापतो, पांढरं परावर्ती छप्पर २५-२८ अंशांनी कमी राहू शकतं. एसीच्या हवानलिका पोटमाळ्यातून गेल्या असतील तर वर चढून सांधे पाहा. कापडी चिकटपट्टी दोन उन्हाळ्यांत सुटते आणि थंड हवा पोटमाळ्याला मिळते. सांध्यांना मॅस्टिक (सांधे बुजवायचा लेप) किंवा धातूची पट्टी हवी.

घर संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान बघा, सकाळी नको. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. एसी चालू करून तासाभरात आतलं तापमान २६ वर टिकतं का पाहा. गेल्या वर्षीची सगळ्यात तप्त दोन महिन्यांची वीजबिलं मागा. ती द्यायला खळखळ झाली तर उत्तर मिळालंच. जाड दगड-मातीच्या भिंती दुपारची उष्णता आठ-दहा तासांनी आत सोडतात. रात्री हवा २०-२२ पर्यंत उतरत असेल तर हे वरदान, रात्र ३० च्या खाली जात नसेल तर झोपेच्या खोलीत भट्टी.

कूलर की एसी हे तापमानावर नाही, आर्द्रतेवर ठरतं. ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना वेट बल्ब तापमान (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी गार करता येते तो आकडा) २१ च्या आसपास असतं. चांगला कूलर दोन्हींमधल्या फरकाच्या ८० टक्के काम करतो, म्हणजे हवा सुमारे २५ अंशांची मिळते. तेच ४० अंश पण आर्द्रता ४० टक्के झाली की वेट बल्ब २८-२९ वर जातं आणि कूलरमधून ३१ अंशांची दमट हवा येते. काही वाळवंटांत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मोसमी वारे ओल आणतात, थर आणि अमेरिका-मेक्सिको सीमेवरचं सोनोरा ही ठळक उदाहरणं. त्या आठवड्यांत कूलर हात टेकतो. कोरड्या महिन्यांना कूलर, दमट आठवड्यांना एसी अशी दोन्हींची सोय असेल तर बिल आटोक्यात राहतं. पण दोन्ही एकदम चालवायचे नाहीत, एक हवेत पाणी घालतो आणि दुसरा तेच काढत बसतो.

एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. ४५ ला ती कमी भरते, म्हणून मोजमाप करणाऱ्याला तुमच्या जागेचं तापमान धरायला सांगा. बाहेरचं यंत्र पश्चिमेच्या भिंतीला नको, भोवती दोन फूट मोकळं हवं. भर उन्हाळ्यात बाहेरचा पंखा फिरत नसेल आणि नुसती गुणगुण येत असेल तर बहुधा कपॅसिटर (पंखा सुरू करणारा छोटा भाग) गेलेला असतो, काँप्रेसर नव्हे. नवं यंत्र विकायला येणाऱ्याला आधी तेवढं तपासायला लावा.

---

उंटावरचा शहाणा

कधी जावं याचं उत्तर कुणी दिलंच नाही. शरीराच्या दृष्टीने शरद ऋतू: हवा निवळलेली असते आणि पुढचा उन्हाळा पायरीपायरीने चढतो. घराच्या दृष्टीने मात्र नेमका उलट. थंडीत पाहिलेलं प्रत्येक घर छान वाटतं. तेव्हा शरदात जा, भाड्याने राहा, एक पूर्ण उन्हाळा काढा आणि मग विकत घ्या. वरचा चार ते सहाचा मंत्र जानेवारीत काही कामाचा नाही.

आणि सगळे गरम कपडे वाटून टाकू नका. कोरड्या निरभ्र हवेत जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने आकाशात निघून जाते. दिवस-रात्रीत १५-२० अंशांचा फरक नेहमीचा, आणि बऱ्याच वाळवंटांत हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली जातो. माणशी एक जाड जाकीट आणि लोकरीचा एक थर ठेवाच. उन्हातले कपडे म्हणजे अर्ध्या चड्ड्या नव्हेत. सैल, पूर्ण बाह्यांचे, घट्ट विणीचे आणि रुंद काठाची टोपी.

---

गारठलेला

सगळ्यांचे आभार. भाड्याचं पटलं. थोडे उपप्रश्न: सामानाच्या ट्रकमधून काय पाठवू नये? गारेगार इलेक्ट्रॉनिक वस्तू उष्ण हवेत आल्यावर आत दव धरतं का? आणि टेबल-गिटारचं राहिलंच.

---

सुतारपक्षी

दवाचं आधी. दव धरायला हवेत ओल लागते. ४० अंश आणि १० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरू लागतं) जेमतेम २-३ अंश. ट्रकमधून उतरलेली वस्तू त्याहून गार असण्याचा संभव नाही. वाटेत दमट भाग लागला आणि तिथे पेटी उघडली तर मात्र धरेल. पेट्या मुक्कामीच उघडा.

बंद ट्रक उन्हात ६० अंशांच्या पुढे जातो. मेणबत्त्या, ग्रामोफोनच्या तबकड्या, औषधं, सौंदर्यप्रसाधनं, सुट्या लिथियम बॅटऱ्या, फवाऱ्याचे डबे, सरसाने चिकटवलेली वाद्यं ट्रकमध्ये नकोत.

लाकूड. ५० टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण ९ टक्के ओल असते, २० टक्क्यांत साडेचार. तुमच्या टेबलाने थंड प्रदेशातल्या बंद, तापवलेल्या घरांचा कोरडा हिवाळा दरवर्षी पाहिलेला आहे, पण तिथे उन्हाळ्यात ते पुन्हा फुगत होतं. वाळवंटात ही उसंत मिळत नाही. ९० सेंटिमीटर रुंदीची ओकची फळी या फरकाने, कापाच्या दिशेप्रमाणे, ६ ते १५ मिलिमीटर आकसते. लांबीत जवळजवळ काहीच नाही. चीर पडते ती आकसण्यामुळे नव्हे, आकसू न दिल्यामुळे. टेबल उलटं करा. वरची फळी खालच्या चौकटीला सरळ स्क्रूने आवळली असेल तर ते स्क्रू काढा, चौकटीतली भोकं रेशांना आडव्या दिशेने लांबट करा किंवा सरकत्या धातूच्या पट्ट्या लावा. चौकटीच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्यांवर मधोमध एकेक घट्ट, बाकीचे सरकते. वरच्या फळीच्या टोकांना आडव्या पट्ट्या असतील तर नंतर त्या दोन्हीकडून थोड्या बाहेर आलेल्या दिसतील. तो दोष नाही, रंधा मारू नका. पहिलं वर्षभर कोणतीही चीर भरूही नका. तेल पाजल्याने लाकडाला 'ओल' मिळते हा गैरसमज आहे. तेल चकाकी देतं, पाणी नाही. दारं-खण मात्र पूर्वीपेक्षा सैल चालतील.

गिटारला ४५ ते ५० टक्के आर्द्रता हवी. अख्खी खोली तेवढी ठेवणं परवडत नाही, पेटी ठेवणं परवडतं. पेटीत ओलावा देणारी कांडी आणि छोटा आर्द्रतामापक. मापक आधी तपासा: झाकणभर मीठ थोड्या थेंबांनी ओलसर करा, मापकासह हवाबंद पिशवीत १२ तास ठेवा, आकडा ७५ यायला हवा. जेवढा फरक, तेवढा पुढे कायम हिशेबात धरा. फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) टोकं बोटाला टोचू लागली किंवा पुढची फळी खोलगट दिसली की गिटार सुकली. अशा वेळी दोन-तीन आठवडे सावकाश ओल द्या, तारा थोड्या सैल करून. डिकीत ठेवाल तर ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) उचकटून हातात येईल.

खोलीसाठी ध्वनिलहरींचा ह्युमिडिफायर घेऊन त्यात नळाचं जड पाणी घातलंत, तर सगळ्या घरावर पांढरी भुकटी बसेल. डिस्टिल्ड पाणी घाला किंवा भिजलेल्या वातीवरून वारा सोडणारा प्रकार घ्या.

---

कवडसा

जड पाण्यावरून आठवलं. कूलरमधून पाणी उडतं, क्षार मागे राहतात. टाकीतलं थोडं पाणी सतत बाहेर सोडणारी नळी किंवा काही तासांनी टाकी रिकामी करणारा पंप हवा, नाहीतर महिन्याभरात पॅडवर चुन्याचा थर बसून हवा अडते. आणि कूलर चालू असताना पलीकडच्या बाजूची खिडकी उघडी हवी. बंद घरात कूलर म्हणजे नुसता दमटपणा. गिझर वर्षातून एकदा तळातून धुऊन घ्या.

वाळवंटात पाण्याच्या नळ्या उथळ पुरलेल्या असतात, कारण गोठायची भीती नसते. त्यामुळे उन्हाळ्यात 'गार' नळातून पहिलं पाणी चांगलंच गरम येतं. लहान मुलाला अंघोळ घालताना हात लावून पाहा. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीच्या जाळीखालचं पाणी काही आठवड्यांत उडून जातं आणि गटाराचा वास घरात येतो. लोक प्लंबरला बोलावतात. तांब्याभर पाणी ओता, वर दोन चमचे खाद्यतेल, म्हणजे ते पाणी उडत नाही.

---

कुंपणाबाहेर

कुत्र्याचे केस काढू नका. दुहेरी केसांचा वरचा थर ऊन अडवतो आणि त्वचा भाजण्यापासून वाचवतो. आतली मऊ लव तेवढी विंचरून काढा. हवा ३५ असताना उन्हातलं डांबर ६० च्या आसपास असतं. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवून पाहा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही नको. फिरवायचं ते सूर्योदयापूर्वी. सूर्यास्तानंतर दगड-डांबर दोन-तीन तास तापलेलंच असतं.

कोरड्या नदीपात्रात तंबू नको, गाडीही नको. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्या निळ्या आकाशाखाली येतं. ३० सेंटिमीटर वाहतं पाणी बऱ्याच मोटारी तरंगवतं, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. धुळीचं वादळ समोर दिसलं तर रस्ता सोडून जितकं बाजूला जाता येईल तितकं जा, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक ओढा आणि ब्रेकवरचा पाय काढा. मागून येणारे तुमचा लाल दिवा पाहून त्याच्या मागे रस्ता शोधत येतात आणि धडकतात.

विंचू: दाराखालची २ मिलिमीटरची फट त्यांना पुरते. खाली रबरी पट्टी लावा, पलंग भिंतीपासून दूर, बूट झटकूनच घाला. अतिनील टॉर्चच्या प्रकाशात विंचू हिरवट-निळे चमकतात, अंगण रात्री एकदा त्याने पाहून घ्या.

झाडं लावणार असाल तर शरदात लावा. तिथे रोपांचा कसोटीचा काळ उन्हाळा असतो, हिवाळा नव्हे. आधी फूटभर खड्डा पाण्याने भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर खाली चुनखडीचा टणक थर आहे. तो फोडल्याशिवाय झाड लावलंत तर मुळं कुजतील, वाळवंटात पाण्यात बुडून. थंड प्रदेशातली नेहमीची सफरचंदाची कलमं नेऊ नका. त्यांना फुलायला ७ अंशांखालचे ८०० ते १००० तास लागतात, ते तिथे मिळत नाहीत. २००-३०० तासांत भागणारी वाणं वेगळी मिळतात, तीच मागा.

---

गारठलेला

टेबल उलटं करून पाहिलं. आठही स्क्रू सरळ आवळलेले आहेत. ट्रक यायच्या आधी भोकं लांबट करून घेतो.

---

सुतारपक्षी

मधले दोन सोडून बाकी सहाच लांबट करा. भोकात स्क्रूला दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटर मोकळीक ठेवा आणि डोक्याखाली रुंद वॉशर घाला. अर्धा फेरा सैल राहू द्या.